जुना फ्रिज: हलवण्यापासून पुन्हा गार करण्यापर्यंत

जुना फ्रिज हाती आला की पहिला मोह होतो तो प्लग लावून बघण्याचा. तो आवरा. साठ-सत्तर वर्षं टिकलेलं यंत्र एका संध्याकाळच्या उत्साहापायी कायमचं निकामी झालेलं मी पाहिलं आहे. कुणी फ्रिज आडवा घालून आणला आणि आणल्या आणल्या चालू केला. कुणी बर्फ काढायला सुरी घातली. कुणी ‘गॅस संपला असणार’ असं ठरवून थेट नळीच कापली. या सगळ्यांत आतलं यंत्र तोवर ठणठणीत होतं, हेच जास्त लागतं.

ते ठणठणीत असण्यामागे साधं कारण आहे. घरगुती फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप), त्याची मोटर, तेल आणि गॅस हे सगळं एका पोलादी डब्यात वेल्ड करून कायमचं बंद करण्याची पद्धत १९२०च्या दशकाच्या शेवटी आली आणि पुढे तीच रूढ झाली. त्या डब्यात हवा शिरत नाही, ओल शिरत नाही, धूळ शिरत नाही. मोटर सतत तेलाच्या संगतीत फिरते. झीज फार थोडी होते. सडतं ते डब्याबाहेरचं: वायरवरचं रबर, मोटर सुरू करून देणाऱ्या रिलेचे पॉइंट, थर्मोस्टॅट, दाराचं गॅस्केट म्हणजे कडेचं रबर. म्हणून माझं धोरण एकच आहे. बंद यंत्रणा उघडायची नाही, बाहेरचं सगळं निगुतीनं दुरुस्त करायचं, आणि वाहतुकीत त्या यंत्रणेला त्रास होऊ द्यायचा नाही. खालचं सगळं याच क्रमाने आहे. क्रम मोडू नका, विशेषतः रंगकामाची घाई करू नका.

## आत कोणता गॅस आहे?

फ्रिज जागेवरून हलवण्याआधी त्याची धातूची पाटी शोधा. ती दाराच्या आतल्या कडेला, मागच्या बाजूला किंवा कॉम्प्रेसरच्या खणात असते. मळ आणि गंजाखाली अक्षरं दिसत नसतील तर ओल्या कपड्याने पुसून टॉर्च अगदी तिरका धरा, ठशाची अक्षरं सावलीमुळे उठून दिसतात. पाटीवर व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, अँपिअर आणि बऱ्याचदा गॅसचं नाव असतं. फोटो काढून ठेवा, पुढे प्रत्येक टप्प्यावर लागेल.

गॅसचं नाव महत्त्वाचं, कारण सगळे जुने फ्रिज सारखे धोक्याचे नसतात. १९२७ साली जनरल इलेक्ट्रिकने आणलेला ‘मॉनिटर टॉप’ घ्या. डोक्यावर गोल कॉम्प्रेसर आणि त्याभोवती नळ्यांचं वेटोळं, त्यामुळे अमेरिकन यादवी युद्धातल्या ‘मॉनिटर’ या लोखंडी युद्धनौकेच्या तोफघुमटावरून लोकांनी त्याला हे नाव दिलं. त्याच्या बहुतेक मॉडेलांत सल्फर डायऑक्साइड असतो. हा गॅस विषारी आहे, पण लपून बसत नाही. काडेपेटीची काडी नाकाशी ओढल्यावर जो झणका बसतो, तोच वास शंभरपट. डोळ्यांना पाणी येतं, श्वास अडतो आणि माणूस आपोआप खोलीबाहेर पळतो. शंका असेल तर अमोनियात बुडवलेला कापसाचा बोळा काडीला बांधून जोडाजोडांजवळून फिरवा. गळती असेल तिथे पांढरा धूर उठतो.

मिथिल क्लोराइड मात्र फसवा आहे. वास मंद आणि गोडसर, त्यामुळे गळती कळत नाही. तो विषारी आहे आणि पेटही घेतो. १९२९ मध्ये शिकागोत त्याच्या गळतीने माणसं दगावली होती. पाटीवर हे नाव दिसलं, किंवा पट्ट्यावर चालणारा उघडा कॉम्प्रेसर असून गॅस कोणता ते कळत नसेल, तर तो फ्रिज राहत्या घरात चालवू नका. दाराखिडक्या उघडता येतील अशा जागी ठेवा आणि पुढचं काम जाणकाराला द्या.

फ्रिऑन-१२ आला तो याच धोक्यांवर उपाय म्हणून. जनरल मोटर्ससाठी थॉमस मिजली यांनी १९२८च्या सुमारास त्याचा शोध लावला आणि १९३०च्या दशकात तो घराघरांतल्या फ्रिजमध्ये गेला. तो विषारी नाही, पेटत नाही. पण तो ओझोनचा थर खातो, हे मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी १९७४ मध्ये दाखवलं आणि १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर त्याचं उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद झालं. तुमच्या फ्रिजमध्ये तो शाबूत असेल तर तिथेच राहू द्या. हवेत सोडणं अनेक देशांत बेकायदा आहे, आणि एकदा गेला की परत भरणं सोपं नाही.

राहिला गॅसच्या ज्योतीवर चालणारा फ्रिज. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये ही युक्ती काढली. यात कॉम्प्रेसरच नाही, फिरणारा एकही भाग नाही. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन उष्णतेच्या जोरावर आतल्या आत फिरत राहतात. मला ही कल्पना आजही थक्क करते. पण १९३३ ते १९५७ दरम्यान बनलेल्या सर्व्हेल कंपनीच्या अशा फ्रिजबद्दल अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने स्पष्ट इशारा दिला आहे, की त्यांच्या बर्नरमधून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडू शकतो. वास नाही, रंग नाही, आणि झोपेतच जीव जातो. असा फ्रिज शोभेला ठेवा, त्यात ज्योत पेटवू नका. मागच्या नळ्यांवर पिवळी भुकटी दिसली तर तिला हात लावू नका. आत गंजरोधक म्हणून सोडियम क्रोमेट असतो आणि तो कर्करोगाला कारण ठरू शकतो.

## दाराचा खटका, आजच्या आज

जुन्या फ्रिजचं दार बाहेरच्या खटक्याने बंद होतं. आत शिरलेल्या लहान मुलाला ते उघडता येत नाही, आणि दार इतकं घट्ट बसतं की ओरडणंही बाहेर ऐकू येत नाही. अशी किती मुलं गुदमरून गेली, म्हणून अमेरिकेत १९५६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. ३० ऑक्टोबर १९५८ नंतर बनलेल्या फ्रिजचं दार आतून ढकलून उघडलंच पाहिजे असं त्याने ठरवलं. त्यातून चुंबकाचं गॅस्केट रूढ झालं.

तुमच्या फ्रिजला खटका असेल तर बाकी काहीही करण्याआधी चौकटीवरचा खटक्याचा आकडा दोन स्क्रू काढून सोडवा. फ्रिज गॅरेजमध्ये असो, अंगणात असो की गाडीत, हे आधी. ‘आमच्याकडे लहान मुलं नाहीत’ हे कारण चालत नाही. मुलं पाहुणी येतात. दुरुस्तीनंतर मूळ हँडल शोभेसाठी तसंच ठेवून दार चुंबकाच्या पकडीवर बसवता येतं. त्या कायद्यातला निकष १५ पौंडांचा, म्हणजे साधारण सात किलोच्या जोराचा आहे. ताणकाटा दाराच्या कडेला लावून ओढा, त्याहून कमी जोरात दार उघडायला हवं.

## हलवण्याची तयारी

आता मुख्य काम. फ्रिज उभा का ठेवायचा, हे नीट समजलं तर बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. पोलादी डब्यातला कॉम्प्रेसर स्प्रिंगांवर झुलत असतो आणि तळाशी तेल साचलेलं असतं. फ्रिज आडवा झाला की तेल नळ्यांमध्ये शिरतं. लगेच चालू केला तर कॉम्प्रेसर वायूऐवजी द्रव दाबू पाहतो, आणि द्रव दबत नाही. झडप तुटते. शिवाय आडव्या अवस्थेत स्प्रिंगांवर आडवा भार येतो. रस्त्यातल्या एका खड्ड्यात स्प्रिंग निसटली की कॉम्प्रेसर डब्याला टेकतो आणि पुढे चालू केल्यावर खडखडाट करतो. डबा बंद असल्यामुळे ते दुरुस्तही करता येत नाही.

म्हणून फ्रिज उभाच न्या. जिन्यावर, दारातून काढताना तो थोडा वेळ ४५ अंशांपर्यंत कलला तर बिघडत नाही. मॉनिटर टॉपला तेवढाही कल देऊ नका. त्याचं जड यंत्र डोक्यावर आहे, त्यामुळे तो सहज उलटतो. त्याचं अख्खं यंत्र कपाटातून वर उचलून वेगळं निघतं. अंतर लांबचं असेल तर यंत्र वेगळं काढून, लाकडी चौकटीत उभं बसवून नेणंच बरं. उचलताना मात्र नळ्यांच्या वेटोळ्याला धरायचं नाही.

एखाद्या फ्रिजला आडवं करण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर पाठीवर किंवा दारावर कधीच नाही, कुशीवर. कोणती कूस? कॉम्प्रेसरमधून नळ्या ज्या बाजूने निघतात ती बाजू वर राहील अशी. आणि पोहोचल्यावर निदान २४ तास उभा ठेवून मगच चालू करायचा. प्रवास त्याहून लांबला असेल तर तितकाच जास्त वेळ.

निघण्याआधी फ्रिज रिकामा करा. कप्पे, जाळ्या, काचा, बर्फाचे ट्रे सगळे काढून वेगळे गुंडाळा. त्या काळची जाड काच आता मापात मिळत नाही. काही जुन्या जाळ्यांवर आणि ट्रेवर कॅडमियमचा मुलामा असायचा. त्यांच्यावर उघडं अन्न, विशेषतः आंबट पदार्थ ठेवू नयेत, आणि भाजायला तर त्या कधीच वापरू नयेत. बर्फ असेल तर तो आपसूक वितळू द्या. नंतर कॉम्प्रेसरच्या पायाकडे बघा. काही फ्रिजना वाहतुकीसाठी खास बोल्ट असतात, ते आवळले की स्प्रिंगांवरचा कॉम्प्रेसर पक्का बसतो. ते बोल्ट जागेवर असतील तर आवळा, आणि पोहोचल्यावर सैल करायचे आहेत अशी चिठ्ठी दारावरच चिकटवा. वायर गुंडाळून मागच्या जाळीत अडकवू नका, वर चिकटपट्टीने बांधा.

दार काढायचं की ठेवायचं? पोलादी दार एकटंच बरंच जड असतं. ते काढलं तर वजन कमी होतं आणि अरुंद दारातून चार-सहा सेंटिमीटर जागा मिळते. पण बिजागरीखालच्या पातळ चकत्या हरवल्या तर दार पुन्हा सरळ बसत नाही. काढलंत तर प्रत्येक बिजागरीच्या चकत्या, स्क्रू वेगळ्या पिशवीत आणि पिशवीवर ‘वरची’, ‘खालची’ लिहून. ठेवलंत तर मऊ चादर गुंडाळून रुंद पट्टा बांधा. दोरी नको, ती इनॅमल कापते.

## दार, जिना, गाडी

मापं घ्या, पण एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फ्रिज कलता केला की तो आधी बुटका होत नाही, उंच होतो. समजा उंची १५० सेंटिमीटर आणि खोली ७०. कलवायला सुरुवात केली की वरचा कोपरा चढत जातो आणि साधारण २५ अंशांना तो १६५ सेंटिमीटरपेक्षा वर पोहोचतो. जिन्याच्या वळणावरचं छत, दिव्याची दांडी, दाराची चौकट यांना तो तिथेच आपटतो. म्हणून उभी उंची मोजून थांबू नका, कर्ण मोजा. उंचीचा वर्ग अधिक खोलीचा वर्ग, त्याचं वर्गमूळ. आणि वाटेत सर्वांत कमी उंची कुठे आहे ते आदल्या दिवशी चालत जाऊन पाहा.

पोलादी बांध्याचा जुना फ्रिज शंभर किलोच्या पुढे सहज जातो. सपाट जमिनीवर दोन माणसं लागतात, जिन्यावर तीन. फ्रिज नेण्यासाठी मिळते ती उभी ट्रॉली घ्या, पट्टा असलेली. ट्रॉली कुशीकडून घाला. मागून घातली तर जाळीच्या नळ्या चेपतील, पुढून घातली तर दारावर भार येईल. मध्ये जाड चादर. पट्टा दोन ठिकाणी बांधा, एक तळापासून तृतीयांशावर आणि दुसरा दोन तृतीयांशावर. मॉनिटर टॉपचा वरचा पट्टा कपाटावरच राहू द्या, नळ्यांवर नको.

जिना उतरताना ट्रॉलीची मूठ वरच्या माणसाकडे. तो पायरीवर पाय रोवून भार पेलतो. खालचा माणूस तोल सांभाळतो, भार उचलत नाही, आणि फ्रिजच्या थेट वाटेत न राहता थोडा बाजूला उभा राहतो. तिसरा फक्त बघतो आणि बोलतो. हे बोलणं महत्त्वाचं आहे. एका वेळी एकच पायरी, प्रत्येक पायरीला ‘आली’ म्हणायचं आणि दोघांनी ‘आली’ म्हटल्याशिवाय पुढची घ्यायची नाही. फ्रिज निसटला तर त्याला अडवायला जाऊ नका. बाजूला व्हा. यंत्र दुसरं मिळेल.

फरशीवरून ओढत नेऊ नका, जुन्या फ्रिजचे पाय फरशीत चरे पाडतात. प्लायवूडच्या दोन पट्ट्या आळीपाळीने पुढे ठेवत जा. गाडीत फ्रिज पुढच्या भिंतीला कूस लावून उभा करा. खाली फोम किंवा घडी केलेली जाड चादर हवी, ती खड्ड्यांचा हादरा खाते. दोन रॅचेट पट्टे, कोपऱ्यांवर पुठ्ठ्याच्या कोपरी, आणि पट्टा आवळताना पत्रा दबू लागला की थांबायचं. पंधरा मिनिटांनी गाडी थांबवून पट्टे पुन्हा तपासा. पहिल्या काही किलोमीटरांत सगळं बसतं आणि पट्टे सैल पडतात.

पोहोचल्यावर उभा करा आणि निदान एक दिवस विसरून जा.

## वीज: चालू करण्याआधी

एकदा एक फ्रिज पाहिला होता. मेकॅनिकने ‘गॅस गेला’ म्हणून बंद यंत्रणेला छिद्र पाडून झडप बसवली होती, नवा गॅस भरला होता, तरी फ्रिज गार होत नव्हता. मी मागची वायर हातात धरून वाकवली तर वरचं रबर बिस्किटासारखं तुटलं. आत तांब्याचे दोन-तीनच तार शिल्लक होते. मूळ दोष तेवढाच होता. छिद्र पाडलेली यंत्रणा पुढे वर्षभरात गळली.

म्हणून सुरुवात वायरपासून. जुनी रबरी वायर कशीही दिसो, बदला. त्या काळी प्लग दोन पिनांचा असे, अर्थिंग नसे. नवी वायर तीन तारांची घ्या आणि हिरवी तार कपाटाच्या पत्र्याला, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून पक्की आवळा. आतल्या दिव्याची आणि थर्मोस्टॅटची वायरही तपासा. वायरीवर किंवा यंत्राजवळ राखाडी-पांढरं तंतूमय आवरण दिसलं तर ते ॲस्बेस्टॉस असू शकतं, कोरडं ओढू नका.

कपॅसिटर असेल तर प्लग काढलेला असतानाही त्यात वीज साठलेली असते. १०-२० किलोओमचा, पाच वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीने त्याच्या दोन टोकांना काही सेकंद लावा आणि मीटरने शून्य झालं का बघा. जुन्या कपॅसिटरमध्ये पीसीबी हे विषारी तेल असू शकतं, ते फोडू नका. बदलून जुना धोकादायक कचऱ्यात द्या. काही जुन्या फ्रीझरच्या झाकणातल्या दिव्याच्या स्विचमध्ये पारा असतो, तोही तसाच.

आता कॉम्प्रेसर. त्याला तीन पिना असतात: कॉमन, स्टार्ट आणि रन. रिले हळुवार काढा. गंजलेल्या पिना पकडीने ओढू किंवा वाकवू नका. पिनेभोवतीची काच तडकली तर दाबाखालचं तेल आणि गॅस चेहऱ्यावर येतो. चष्मा घालाच. मल्टिमीटर ओमवर ठेवून दोन दोन पिना मोजा. कॉमन-रन सर्वांत कमी, कॉमन-स्टार्ट त्याहून जास्त, आणि रन-स्टार्ट म्हणजे त्या दोघांची बेरीज. समजा ४ आणि १४ ओम आले, तर तिसरं १८च्या आसपास हवं. बेरीज जुळली की गुंडाळ्या शाबूत आहेत असं समजा. मग प्रत्येक पिन आणि पत्रा यांच्यात मोजा, काहीच दिसता कामा नये. मेगर (इन्सुलेशन तपासणारं मीटर) मिळाला तर ५०० व्होल्टला निदान दोन मेगओम यायला हवेत. कमी आलं तर वीज देऊ नका.

पाटीवरचं व्होल्टेज तुमच्या घरच्या विजेशी जुळतं का पाहा. ११५ व्होल्टचा फ्रिज २३० वर लावला की मोटर गेलीच. ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तो चालण्याच्या भाराचा नाही, सुरू होण्याच्या झटक्याचा हिशेब करून घ्यायचा. पाटीवर २ अँपिअर असेल तर चालताना २३० व्होल्ट-अँपिअर लागतात, पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. दीड किलोव्होल्ट-अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर घ्या. फ्रिक्वेन्सीचं भान लोक ठेवत नाहीत. ६० हर्ट्झची मोटर ५० वर सहावा भाग हळू फिरते आणि जास्त तापते. व्होल्टेजही त्याच प्रमाणात खाली आणावं लागतं, ११५चे साधारण ९६. शंभर व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर बरा पडतो.

सगळं जुळलं की प्लग लावा आणि कान द्या. आधी रिलेचा ‘टक्’ आवाज, लगेच मोटरचा घुमारा, आणि सेकंदाच्या आत दुसरा ‘टक्’. मग फक्त मंद गुणगुण. हा दुसरा ‘टक्’ म्हणजे रिलेने स्टार्टची गुंडाळी सोडली. तो आला नाही आणि नुसतीच जड गुरगुर ऐकू आली, तर पाच सेकंदांच्या आत प्लग काढा. दाब समान व्हायला पाच-दहा मिनिटं जाऊ द्या आणि एकदाच पुन्हा बघा. तेच झालं तर रिले किंवा कपॅसिटर बदलून बघायचा, मोटर तापवत बसायचं नाही.

## तो खरंच गार होतोय का?

वीस-तीस मिनिटांनी बर्फाच्या कप्प्यावरचा दंव बघा. हीच फ्रिजची नाडी. कप्पाभर सारखा पातळ दंव चढला तर गॅस पूर्ण आहे. फक्त नळीच्या सुरुवातीला बोटभर पांढरं आणि पुढे कोरडं असेल तर गॅस कमी आहे, किंवा बारीक नळीत कचरा अडकला आहे. काहीच नाही आणि मागची जाळीही कोमट झाली नाही, तर गॅस पूर्ण गेला आहे, किंवा कॉम्प्रेसर फिरतोय पण दाबत नाही.

पहिली स्थिती असेल तर खालच्या फळीवर पाण्याचा पेला ठेवून त्यात थर्मामीटर बुडवा. चोवीस तासांनी तीन-चार अंश सेल्सिअस दिसलं की झालं. हवेचं तापमान मोजू नका, दार उघडताच ते बदलतं. या फ्रिजचा बर्फाचा कप्पा आजच्या फ्रीझरसारखा उणे १८ अंशांना जात नाही. तो दोष नव्हे. त्यात महिनोन्महिने मांस साठवू नका, एवढंच.

दुसऱ्या-तिसऱ्या स्थितीत जुना गॅस गोळा करण्याचं यंत्र असलेला तंत्रज्ञच हवा. त्याने ‘प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण भरून देतो’ असं सुचवलं तर नकार द्या. जुन्या फ्रिजचा थर्मोस्टॅट आणि दिव्याचा स्विच कपाटाच्या आत असतात आणि चालू-बंद होताना ठिणगी टाकतात. बंद कपाटात ज्वालाग्राही वायू गळला तर दार उघडताक्षणी स्फोट होऊ शकतो.

## दाराचं रबर

यंत्र चाललं की पहिलं काम हे. रात्री खोलीत अंधार करा, आत पेटलेली टॉर्च ठेवून दार लावा आणि कडेकडेने बघत जा. जिथे प्रकाशाची रेघ दिसते तिथून गारवा जातो. मग कागदाची पट्टी दारात अडकवून ओढा. किंचित अडखळत निघाली पाहिजे. सटकन निघाली तर रबर गेलं.

नवं रबर घेताना जुन्याची जाडी मोजू नका, ते दबून चपटं झालेलं असतं. मुलांच्या खेळातल्या मऊ क्लेच्या गोळ्या करा, जुनं रबर काढल्यावर चौकटीवर दर वीतभर अंतरावर एक चिकटवा आणि दार लावा. उघडून गोळ्यांची जाडी मोजली की खरी फट कळते. तिच्यापेक्षा तीन-चार मिलिमीटर जाड रबर घ्या. फार जाड घेतलंत तर दार बिजागरीकडून उपसतं. रबर बसवताना सगळे स्क्रू एकदम काढू नका. त्याच स्क्रूंनी दाराचा आतला पत्रा सरळ धरलेला असतो. एकेक बाजू घ्या, आणि नवं रबर कोमट पाण्यात भिजवून मऊ करून लावा.

## आतली सफाई आणि बाहेरचा रंग

आत लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा पुरे. ब्लीच आणि अ‍ॅसिड नको, इनॅमलची चमक जाते. दोनतीनदा पुसूनही वास जात नसेल तर तो भिंतीतल्या इन्सुलेशनचा आहे. कडेच्या पट्ट्या काढून बघावं लागतं. त्या पट्ट्या ठिसूळ असतात, हेअर ड्रायरने ऊब देऊन मगच उचका. ओलं काचलोकर (ग्लासवूल) काढून तितक्याच जाडीचं नवं भरा. फवाऱ्याचा फुगणारा फोम भरू नका, तो पत्रा फुगवतो आणि पुन्हा निघत नाही.

बाहेरच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून आधी शिसं तपासणारी पट्टी लावा. आढळलं तर कोरडं घासू नका, पाणी मारत, मास्क लावून घासा आणि राडा कागदात गोळा करा. गंज पत्र्यापर्यंत काढा, इपॉक्सी प्रायमर मारा, खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरा, ३२०च्या पेपरने सपाट करा, ४००ने पाणी लावून गुळगुळीत करा, मग रंगाचे पातळ तीन हात. मागच्या जाळीवर (कंडेन्सरवर) जाड रंग चढवू नका, उष्णता बाहेर पडत नाही. क्रोमवरचे गंजाचे ठिपके पाण्यात भिजवलेल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या बोळ्याने निघतात. नावाच्या पट्टीतला मूळ रंग उडाला असला तरी मी सहसा तसाच ठेवतो.

## जागेवर बसवताना

पाणसळ घेऊन फ्रिज दोन्ही बाजूंनी सरळ करा आणि मागे अगदी किंचित कल द्या, म्हणजे दार आपलं आपण लागतं. अमोनियाच्या फ्रिजला हा कल चालत नाही, त्यातला द्रव स्वतःच्या वजनानेच वाहतो, त्यामुळे तो पूर्ण सपाटच हवा. भिंतीपासून वीतभर अंतर सोडा, मॉनिटर टॉपच्या डोक्यावर काहीही ठेवू नका. वाहतुकीचे बोल्ट सैल केलेत ना, हे पुन्हा एकदा बघा.

या फ्रिजना बर्फ आपसूक वितळवता येत नाही. दंव साधारण सहा मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीइतका जाड झाला की फ्रिज बंद करा, दार उघडं ठेवा आणि कप्प्यात गरम पाण्याचं पातेलं ठेवा. घाई करून सुरी, उलथनं किंवा स्क्रूड्रायव्हर लावू नका. त्या पातळ पत्र्याच्या एका केसाएवढ्या अंतरावर साठ-सत्तर वर्षं जपून राहिलेला गॅस आहे. बर्फ सैल झाला की हातानेच निघतो, खाली टॉवेल अंथरा, आतून कोरडं पुसा आणि प्लग लावून पुन्हा तो दुसरा ‘टक्’ ऐका.